दोरीने ओढायची की फ्लॅटबेडवर (गाडी अख्खी वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढवायची?

पुण्यात गाडी बंद पडली की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "दोरी आहे का? ओढून नेऊ."

जायचंय कुठे, ते आधी बघा. सिंहगड रोडवर बंद पडली आणि गॅरेज पुढच्या चौकात असेल, तर दोरी पुरते. डिकीत जॅकजवळ एक लोखंडी हुक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पूर्ण आवळायचा आणि दोरी त्यालाच बांधायची. बंपरला किंवा सस्पेन्शनला नाही. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग पंचवीसच्या आत.

खरी गोम मागच्या गाडीत आहे. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच. मग पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंगही जड. चावी काढली तर ते लॉकच होईल, त्यामुळे ती चालू स्थितीत ठेवायची. मागे चालवायला मुरलेला माणूसच हवा, हौशी भाचा नव्हे!

कात्रज घाट किंवा खंबाटकीचा उतार मध्ये असेल तर दोरीचा विषयच काढू नका. सरळ फ्लॅटबेड. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर सपाट रस्त्यावरही तोच बरा, कारण चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते.

फ्लॅटबेड महाग पडतो, खरंय. पण विम्यात रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे वाटेत गाडी बंद पडल्यावर मिळणारी मदत, घेतलंय का, ते पॉलिसीत बघा. अनेकांनी पैसे भरलेले असतात आणि पत्ताच नसतो.