प्रथिनाचं छिद्र घ्यावं की सिलिकॉन नायट्राइडचं?

आयन चॅनलच्या (पेशीच्या पटलातल्या, आयन ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाच्या छिद्राच्या) धर्तीवर रेणू ओळखणारा सेन्सर करायला घेतला की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. तत्त्व दोन्हीकडे एकच: बारीक छिद्रातून आयनांचा विद्युतप्रवाह वाहू द्यायचा, आणि रेणू आत शिरला की प्रवाह किती घटला नि किती वेळ घटलेला राहिला, ते बघायचं. अ‍ॅम्प्लिफायर, फॅरडे केज (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारा धातूचा पिंजरा) हा खर्चही सारखाच. मी दोन्ही वापरली आहेत.

कागदावर सिलिकॉन नायट्राइड, म्हणजे सिरॅमिकचा कडक पातळ पडदा, सरस वाटतं. डिटर्जंट, उष्णता, आम्ल सगळं सोसतं. 2014 मध्ये ओटावा विद्यापीठातल्या गटाने नुसत्या व्होल्टेजने छिद्र पाडायची रीत दाखवल्यापासून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपुढे नंबर लावावा लागत नाही. उलट अल्फा-हीमोलायसिनला (प्रथिनाचं छिद्र म्हणून मी वापरतो ते हेच) लिपिडचं, म्हणजे पेशीच्या आवरणासारखं स्निग्ध रेणूंचं, पटल लागतं, आणि ते फारच नाजूक. टेफ्लॉनच्या भोकावर महत्प्रयासाने जमवावं, छिद्र एकदाचं बसावं, आणि कोणीतरी दार आपटावं, की संपलं.

तरीही माझा कल प्रथिनाकडे आहे. कारण, पटल फुटलं की लगेच कळतं. प्रवाह एकदम वर जाऊन अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड दाखवतो. पुसा, नवीन पटल लावा. सिलिकॉन नायट्राइड मात्र गुपचूप बदलतं. रात्रभर मिठाच्या बफरमध्ये राहिलेलं छिद्र सकाळी किंचित मोठं झालेलं असतं. बेसलाइन (छिद्र रिकामं असतानाचा प्रवाह) सरकलेली दिसते, पण ती छिद्र वाढल्यामुळे, भिंतीला काही चिकटल्यामुळे, की आत बुडबुडा अडकल्यामुळे, हे ठरवण्यात दुपार जाते. कालचा आलेख आजच्या शेजारी ठेवायची सोय राहत नाही. मला सगळ्यात जास्त जाच झाला तो याचा.

प्रथिनाचं छिद्र जिवाणूनेच घडवलेलं: सात सारखे तुकडे, सगळ्यात अरुंद जागा सुमारे 1.4 नॅनोमीटर, आणि पुढचं छिद्रही तसंच. 1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 100 मिलिव्होल्टला साधारण 100 पिकोअँपिअर दिसले की एकच छिद्र बसलंय हे ओळखता येतं. शिवाय 1999 मध्ये हेगन बेली यांच्या गटाने त्यात सायक्लोडेक्स्ट्रिनची (साखरेच्या रेणूंच्या वलयाची) कडी बसवून दाखवली, म्हणजे छोटे सेंद्रिय रेणूही त्यात क्षणभर अडकतात आणि ओळखता येतात. सिलेनचा (सिलिकॉनयुक्त रसायनाचा) लेप देऊन नायट्राइडच्या भिंतीवर असं काही करता येत नाही असं नाही, पण लेप प्रत्येक वेळी सारखाच बसेल याची खात्री मी तरी देणार नाही.

तुमचा नमुना साबणाचा किंवा सांडपाण्याचा असेल, किंवा उपकरण शेतावर न्यायचं असेल, तर अर्थात नायट्राइडच बरं; तिथे लिपिडचा निभाव लागणं कठीण. प्रयोगशाळेत बसून रेणू ओळखायचे असतील तर हीमोलायसिनपासून सुरुवात करून बघा. लिपिड मागवताना डायफायटॅनॉइलचं मागवा, ते सहजी ऑक्सिडाइज होत नाही. आणि व्हॅक्यूम पंप जमला तर दुसऱ्या खोलीत हलवा, त्याचे हादरे पटलाला नकोत.