पीएओनंतर सव्वा वर्ष: चालायला ५ स्टार, पाय उचलायला अडीच

पीएओ म्हणजे खुब्याची उथळ वाटी कापून फिरवून बसवायचं ऑपरेशन. परवा फॉलोअपला हॅरिस स्कोअरचा (खुबा किती चालतो याचे शंभरपैकी मार्क) फॉर्म भरून घेतला आणि वर पेनाने लिहून दिलं, ९२, एक्सलंट. मी म्हणलं मॅडम, अहो खाली पार्किंगमध्ये गाडीत बसताना मी अजून सलवारीला धरून उजवा पाय आत ओढते, त्याचे किती मार्क कापले? तर म्हणे असा प्रश्नच नाहीये फॉर्ममध्ये. डोकंच फिरलं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

डिस्प्लेशियावाल्यांना (खुब्याची वाटी उथळ असलेल्यांना) बाकीचं पाठ असणार त्यामुळे थोडक्यात. उजवा खुबा, वय ३४, एक्सरेवर वाटी सांध्याला किती झाकते त्याचा अँगल १४ (२५ च्या वर हवा, २० च्या खाली म्हणजे डिस्प्लेशिया), कार्टिलेज शाबूत होतं म्हणून रिप्लेसमेंट नको, वाटी कापून फिरवून बसवू असं ठरलं. चार स्क्रू, आता अँगल २९. त्याआधीची काही वर्षं सगळ्यांसारखीच गेली, जरा चाललं की जांघेत कळ आणि डॉक्टर कंबरेचा एमआरआय काढतायत. इन्शुरन्सवाल्यांनी आधी जन्मजात आजार म्हणून क्लेम उडवला, मग मी पॉलिसीतल्याच व्याख्येवर बोट ठेवून भांडले की बाहेरून दिसणारं व्यंग वेगळं आणि आतलं वेगळं, खुब्यातली वाटी काय बाहेरून दिसते का? पैसे आले, पण कापून.

चालणं मात्र खरंच ५ स्टार. सहा-सात आठवडे कुबड्या, पाय नुसता टेकवायचा, वजन द्यायचं नाही, हे जड जातं. पण स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गँझ डॉक्टरांनी १९८४ मध्ये ही पद्धत सुरू केली तीच मुळी कटीच्या हाडाचा मागचा खांब न तोडता, त्यामुळे प्लास्टर वगैरे भानगड नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. लचकत चालणं जायला मात्र वेळ लागला, कारण एका पायावर उभं राहिलं की दुसरी बाजू खाली झुकायची. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम इतका केलाय की भिंतीवरचा पोपडा पाठ झालाय. आता तुळशीबाग, लक्ष्मी रोड एका दमात होतं, पर्वतीपण चढून आले, उतरताना कठडा धरला एवढंच. मांडीचा बाहेरचा भाग अजून बधिर आहे, खिशात मोबाइल व्हायब्रेट झालेला कळत नाही. त्याची सवय झाली.

आता मुद्द्याचं. पाय उचलणं. हे आधी कुणी धड सांगत नाही. ऑपरेशन पुढून, जांघेच्या बाजूने होतं आणि पाय वर उचलणारा स्नायू नेमका सांध्याच्या पुढूनच जातो, तो बाजूला सारून काम करतात, आणि वाटी उथळ असल्यामुळे त्याने आधीच वर्षानुवर्षं ओव्हरटाइम केलेला असतो. पहिले आठवडे तर गादीवरून टाच हलेना. चांगल्या पायाचा पंजा घोट्याखाली घालून दुखरा पाय उचलायचा. त्यासाठी ऑनलाइन एक पट्टा मिळतो, सातशे-आठशे रुपये, मी जुनी ओढणी वापरली, तेच काम झालं. तो पट्टा घेऊ नका. कमोडवरची उंच सीट मात्र घ्या, त्यात कंजूषी नको.

गाडी चालवताना उजवा पाय सगळ्यात शेवटी आत येतो, आणि ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्यायलाही तोच उचलावा लागतो. त्यामुळे सर्जनने हो म्हणल्यावरसुद्धा मी बराच काळ स्टिअरिंगला हात लावला नाही. लालपरीची पहिली पायरी तर विचारूच नका. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे सूत्र बरोबर आहे, पण मागून चार जण ढकलत असताना कसलं सूत्र. आणि त्या फॉर्ममध्ये बसमध्ये चढता येतं का याला किती मार्क माहितेय? १. शंभरातला एक. दुखण्याला ४४, लंगडण्याला ११, मोजे-बूट घालायला ४, जिन्याला ४, खुर्चीत तासभर बसायला ५. जमिनीवर बसायला शून्य, प्रश्नच नाही. १९६९ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी केलेला फॉर्म, त्यांच्याकडे पंगत कुठली. माझे दुखण्याचे चार, मोज्याचे दोन, जिन्याचे दोन कापले, झाले ९२.

अपडेट: वरचं लिहून ड्राफ्टमध्ये पडलं होतं. मधे नवीन फिजिओ धरली (आधीची घरी येऊन पाऊण तासाचे पैसे घ्यायची आणि अर्धा तास स्वतःच्या सुनेबद्दल बोलायची). हिने कुशीवरचे व्यायाम कमी केले आणि पावलाला रबर बँड अडकवून उभ्याने गुडघा वर घ्यायला लावला, हळू वर, त्याहून हळू खाली. महिन्याभरात फरक. साताऱ्याला एसटीने गेले, दांडा धरून का होईना पण उजवा पाय आधी टाकून चढले. तिथे सत्यनारायणाला पाचही अध्याय मांडी घालून बसले, उठताना कुणाचा हात लागला नाही. म्हणून अडीचचे साडेतीन करतेय, टायटल राहू दे तसंच. उकिडवं बसणं मात्र अजून जमत नाही, वाटी पुढे आल्यामुळे पाय पोटाशी पूर्ण दुमडत नाही, समोर काहीतरी अडतं. सर्जन म्हणाले हे थोडं राहीलच. म्हणजे एसटी स्टँडवरचं देशी संडास बाद.

टिकणार किती हे सगळेच विचारतात, सासूबाई तर दर महिन्याला. बर्नमधले अगदी पहिले ७५ खुबे, १९८४ ते ८७ मधले, त्यातले २० वर्षांनी साधारण ६० टक्के शाबूत होते, ३० वर्षांनी २९ टक्के. ऐकायला घाबरवणारं आहे, पण त्यात आधीच झीज झालेलेही होते. ऑपरेशनच्या वेळी वय जास्त किंवा झीज जास्त असेल तर निकाल उतरतो. मला पंचावन्नपर्यंत स्वतःचा सांधा मिळाला तरी मी खूश.

तुमची तारीख ठरली असेल तर सर्जनला चालण्याबद्दल विचारत बसू नका, ते होतंच. पाय उचलायचे व्यायाम कोणत्या आठवड्यात सुरू करायचे ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे पहिले सहा आठवडे सरळ पाय उचलायला बंदी होती, त्यानंतर कुणी विषयच काढला नाही.

स्क्रू काढायचं कोटेशन आलंय, आकडा बघून ते सध्या टोचत नाहीयेत असं मी जाहीर केलंय.