‘बूस्ट कंट्रोलर’च्या नावाखाली माझ्या पिकअपचं इंजिन कसं गेलं

घरात देवळीतल्या काडेपेटीत मी एक लोखंडी छर्रा जपून ठेवला आहे. सायकलच्या चाकात असतो तसला, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो माझ्या पिकअपच्या टर्बोच्या नळीतून निघाला. ज्यानं तो तिथे घातला, त्याला मी ‘बूस्ट कंट्रोलर’साठी, म्हणजे टर्बोचं हवेचं प्रेशर कमीजास्त करणाऱ्या यंत्रासाठी, स्वतःच्या हातानं १८,५०० रुपये दिले होते. वरूड, मोर्शी, नरखेड, काटोल या संत्र्याच्या पट्ट्यात तो माणूस अजूनही फिरत असणार, म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो आहे.

मी वरूड तालुक्यातला. घरची संत्र्याची बाग आहे आणि जोडीला कर्जावर घेतलेली टर्बो डिझेल पिकअप. अंबिया बहाराचा माल निघाला की माझ्या बागेचा आणि गावातल्या चार जणांचा माल मी वाहतो. बहुतेक खेपा नागपूरच्या कळमना बाजारात, काही मुलताईकडे. नागपूरचा रस्ता त्रास देत नाही. मुलताईकडे जाताना मात्र सातपुडा चढावा लागतो, आणि सत्तर कॅरेट भरलेली गाडी तिथे दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात, डिझेल जळतं, जीव मेटाकुटीला येतो. ज्याची गाडी भरल्यावर चढ घेत नाही त्याला ‘ताकद वाढवून देतो’ हे शब्द किती गोड लागतात, ते त्यालाच कळतं. त्या माणसानं नेमकी हीच नस पकडली होती.

मागच्या नोव्हेंबरात वजनकाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर तो भेटला. पस्तिशीचा, स्वच्छ कपडे, पाठीवर बॅग, बोलायला मऊ. माझ्याच ओळखीच्या एका गाडीवाल्यानं त्याला आणलं होतं. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फावर चालणारी गाडी, पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा. ती उभा पांढरा डोंगर धडाधड चढत होती आणि हँडलजवळच्या छोट्या पडद्यावर आकडे पळत होते. तो म्हणाला, “भाऊ, हा आकडा म्हणजे टर्बोचं प्रेशर. नॉब फिरवला की प्रेशर वाढते. बर्फाचा डोंगर चढते ते मशीन, त मुलताईचा चढ काय हाय तिच्यापुढे?”

व्हिडिओ खोटा नव्हता, आणि यात फसायला होतं ते इथेच. अशा गाड्या आहेत, त्यांना टर्बो असतो आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर बसवतातही. पण कशासाठी बसवतात, ते मला नंतर कळलं. उंचावर हवा विरळ होते. दहा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानं साधारण पाव हिश्श्यानं कमी असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उतरते. तिथे टर्बोचं प्रेशर वाढवून ती तूट भरून काढतात. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना ज्या बर्फगाड्यांवर फिरवतात, ते गाव सुमारे साडेआठ हजार फुटांवर आहे. आमचं वरूड सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे हवेची अशी कोणती तूट भरायची होती, हा प्रश्न मला टपरीवर सुचायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “तुम्ही जरा बाजूला व्हा, इंजिन गरम हाय.” मग प्यायला पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या घेऊन येईपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्यानं नळीचं काम उरकलं होतं. माझ्यासमोर त्यानं फक्त वायरी जोडल्या. काळी, हाताला वजनदार लागणारी डबी, तिला चार वायरी. दोन बॅटरीला, दोन इंजिनावरच्या एका सेन्सरच्या सॉकेटमध्ये. स्टिअरिंगच्या बाजूला आकड्यांचा पडदा आणि नॉब चिकटवला. डबीला हवेची एकही नळी नव्हती. हवेचं प्रेशर सांभाळणारं यंत्र आणि त्याला हवेची नळीच नाही! ही एक गोष्ट लक्षात आली असती तरी मी वाचलो असतो.

मग रिकामी गाडी फाट्यापर्यंत पळवून दाखवली. खरं सांगतो, गाडी ओढत होती. पाय दाबला की पाठ सीटला टेकत होती. मी १०,००० मोबाइलवरून पाठवले आणि ८,५०० रोख दिले. मोबाइलवर नाव भलत्याच माणसाचं आलं. “भावाचं खातं हाय,” म्हणाला. बिल मागितलं तर साध्या कागदावर ‘इलेक्ट्रॉनिक सामान’ एवढं लिहून दिलं. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. वर म्हणाला, कोणाला सांगून गिऱ्हाईक दिलं तर तुम्हाला हजार रुपये परत. मी त्याच संध्याकाळी माझ्या चुलत भावाला फोन केला. तो माझ्यापेक्षा लहान आहे, माझा शब्द मोडत नाही. चार दिवसांत त्याच्याही गाडीत डबी बसली. १८,५०० गेले त्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

त्या रात्री माझी दहा वर्षांची मुलगी अंगणात उभ्या गाडीत बसून नॉबशी खेळत होती. चावी नव्हती, इंजिन बंद. ती ओरडली, “बाबा, पाहा ना, गाडी बंद हाय तरी चौदा झाले! आता अठरा!” मी तिला रागावून खाली उतरवलं आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, “बॅटरीच्या व्होल्टेजवर सेटिंग दाखवते ते, घाबरू नका.” माझं समाधान झालं. दहा वर्षांच्या पोरीनं खोट पकडली होती आणि मी ती ऐकून घेतली नाही.

इंजिन बंद असताना टर्बो फिरत नाही, मग बूस्ट, म्हणजे टर्बोचं वाढीव प्रेशर, कुठून येणार? साध्या मीटरवर तेव्हा शून्यच दिसलं पाहिजे. काही मीटर हवेचा मूळ दाब धरून आकडा दाखवतात, त्यावर बंद गाडीतही एक बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दिसेल. पण नॉब फिरवून तो आकडा वरखाली होऊच शकत नाही. इंजिन चालू करून नुसतं उभं ठेवलं तरी बूस्ट जवळपास नसतोच, तो भार पडल्यावर चढतो. माझ्या पडद्याचा कशाशी संबंधच नव्हता. नॉब फिरवला की आकडा फिरायचा, बस.

आठवडाभरात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी एकदम मरगळली. फोन केला. म्हणाला, नवीन पार्ट बसला की असं होतं, बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा. काढली. दिवा गेला, गाडी पुन्हा पळायला लागली. पुढच्या महिन्यात मी हे पाच-सहा वेळा केलं. दिवा इंजिनाच्या जिवासाठी लागत होता आणि मी दर वेळी त्याचं तोंड बंद करत होतो.

डिसेंबरच्या शेवटी सत्तर कॅरेट भरून मुलताईकडे निघालो. अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा चिरका आवाज. गाडी कडेला घेतली. पाण्याच्या डब्यात बुडबुडे उकळत होते. माल दुसऱ्या गाडीत टाकायला चार तास लागले. भाडं गेलं आणि खालच्या कॅरेटमधली फळं दबली ती वेगळीच. त्याला फोन लावला तर बंद. तो नंबर त्या दिवसापासून बंदच आहे.

वरूडच्या मिस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांनी आधी टर्बोची बारीक नळी काढली, बोटांनी दाबत दाबत गेले आणि एका जागी थांबले. ब्लेडनं नळी चिरली. छर्रा टणकन् फरशीवर पडला. मिस्त्री काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, हे तं कोणी मुद्दाम घातलं हाय.”

त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. हवा किती कोंबायची याला मर्यादा लागते, म्हणून वेस्टगेट नावाची एक झडप असते. हवेचा दाब ठरावीक पातळीला गेला की तो बारीक नळीतून वेस्टगेटच्या डब्यापर्यंत पोचतो, आतली स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. त्या नळीत छर्रा बसला म्हणजे झडपेला निरोपच मिळत नाही. ती बंदच राहते आणि दाब वाढतच जातो. आणि त्या दोन वायरी डिझेलच्या प्रेशरच्या सेन्सरला जोडल्या होत्या. मधल्या एका रेझिस्टरमुळे (वीज अडवणारा छोटा भाग) कॉम्प्युटरला डिझेलचं प्रेशर कमी आहे असं वाटायचं आणि तो ते वाढवायचा. जास्त हवा, जास्त डिझेल. म्हणून गाडी ओढत होती. आणि म्हणूनच भरल्या गाडीला लांब चढावर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) फुटलं, टर्बोचा दांडा हलला आणि त्याचं चाक टर्बोच्या कवचाला घासलं.

डबी फोडली. आत दहा रुपयांचा सर्किटचा तुकडा, तो रेझिस्टर, आणि वजन यावं म्हणून थापलेला सिमेंटचा गोळा.

खरा कंट्रोलर कसा असतो, ते मी मिस्त्रींना खोदून खोदून विचारलं. त्याच वेस्टगेटच्या नळीत विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप बसते. ती सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करून डब्यापर्यंत किती दाब पोचू द्यायचा ते ठरवते. म्हणजे हवेची नळी तिच्यात आली पाहिजे आणि तिच्यातून पुढे गेली पाहिजे. प्रेशरचा वेगळा सेन्सर लागतो. बसवणारा आधी कंट्रोलर बंद ठेवून, नुसत्या स्प्रिंगवर बूस्ट किती येतो ते मोजतो आणि लिहून ठेवतो. मग अगदी खालच्या सेटिंगपासून थोडं थोडं वाढवतो, दर वेळी भार देऊन गाडी पळवतो, काटा ठरल्या जागी थांबतो की त्याच्या पुढे उसळी मारतो ते पाहतो. डिझेल गाडीत धुराचं तापमानही पाहावं लागतं, कारण डिझेल वाढवलं की ते चढतं. आणि जोडणी अशी करतात की वीज तुटली तरी दाब सरळ झडपेपर्यंत पोचावा आणि बूस्ट आपोआप मूळ पातळीला यावा. अर्ध्या तासात, गिऱ्हाइकाला पाणी आणायला पाठवून हे काम होत नाही. मिस्त्रींनी शेवटी एवढंच म्हटलं, “अन् मालवाहू गाडीले याची गरजच नायी. कंपनीनं जेवढं ठेवलं तेवढं वजन घेऊन चालाले ठेवलं हाय.”

हेडचं फेसिंग, गॅस्केट, नवा टर्बो, मजुरी धरून ६४,३०० रुपये झाले. ऐन हंगामात नऊ दिवस गाडी उभी राहिली. वॉरंटीचं विचारायला तोंडच नव्हतं. कायद्यानंही माझीच बाजू लंगडी निघाली. मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे.

तरी मी पोलिसांत तक्रार दिली आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० वर फोन केला, पण पाच आठवडे उलटून गेले होते. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासाला फोन करा. लवकर कळलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे. वकिलांनी सांगितलं की पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या गाडीचा मालकही ग्राहकच धरला जातो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. समोरच्याचा पत्ता मात्र हवा. माझ्याकडे आहे तो ‘भावाच्या’ खात्याचं नाव आणि एक बंद नंबर. तेच पोलिसांना दिलं आहे.

छर्रा निघाला त्याच रात्री मी मिस्त्रींना मोटरसायकलवर बसवून चुलत भावाच्या गावी गेलो. रात्रीचे अकरा वाजले होते. त्याची गाडी पहाटे निघायची म्हणून भरून उभी होती. बॅटरीच्या उजेडात नळी काढली. त्याच जागी तसाच छर्रा. डबी उपटली, सॉकेट पूर्ववत जोडलं, नवी नळी घातली. भाऊ मला काहीच बोलला नाही. त्याचे १८,५०० मी या बहाराचे पैसे आले की देणार आहे, तो नको म्हणत असला तरी.

त्या ओळखीच्या गाडीवाल्याकडून कळलं की वजनकाट्यावर त्या आठवड्यात निदान आठ-नऊ जणांनी डबी बसवून घेतली. त्यातले तिघे सापडले, बाकीचे कोण ते माहीत नाही. तुमच्या किंवा तुमच्या पाहुण्यांच्या गाडीत स्टिअरिंगजवळ असा पडदा आणि नॉब असेल, तर आज रात्रीच इंजिन बंद ठेवून नॉब फिरवा. आकडा हलला तर माल भरू नका. आधी ओळखीच्या मिस्त्रीला टर्बोची बारीक नळी काढून दोन्ही टोकांनी फुंकून पाहायला सांगा.