लॅपटॉपला चार कॉम पोर्ट देणारा डबा: कुणी घ्यावा, कुणी पैसे वाचवावेत

नवीन लॅपटॉपला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट (विंडोजच्या भाषेत कॉम पोर्ट) नसतो, आणि सीएनसी (प्रोग्रामवर चालणारी मशीन), वजनकाटा, एनर्जी मीटर, नेटवर्क स्विच यांतली बरीच मंडळी अजून त्याच पोर्टवर बोलतात. एका पोर्टची गरज साध्या यूएसबी-सिरीयल केबलने भागते. खरी कटकट सुरू होते ती दुसरा आणि तिसरा पोर्ट लागतो तेव्हा. तीन केबली, एक हब आणि सॉकेट बदलला की बदलणारे कॉम नंबर (विंडोज प्रत्येक पोर्टला देते तो क्रमांक), ही कसरत टाळायला एफटी४२३२एच चिपवरचा चार पोर्टांचा डबा मिळतो. ही चिप ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची. डबे बरेच जण बनवतात, आतली मांडणी मात्र जवळपास तीच असते: एक चिप, चार लेव्हल कन्व्हर्टर (चिपचे व्होल्टेज सिरीयल पोर्टच्या व्होल्टेजमध्ये बदलणारे), चार नर कनेक्टर. इथे परीक्षण त्या मांडणीचे आहे, एखाद्या ब्रँडचे नाही.

आधी चिपची जमेची बाजू. प्रत्येक पोर्टला येण्याचा आणि जाण्याचा दोन-दोन किलोबाइटचा बफर आहे. एका पोर्टच्या केबलीत सर्रास सापडणाऱ्या एफटी२३२आरमध्ये तो १२८ आणि २५६ बाइटचा असतो. एक्सऑन-एक्सऑफ ('चालू कर' आणि 'थांब' सांगणारे संकेत) चिपच्या आतच हाताळले जाते, त्यामुळे समोरच्या यंत्राने 'थांब' म्हटले की विंडोजच्या तंद्रीची वाट न पाहता पाठवणे थांबते. सीएनसीवाल्यांना ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी.

सीएनसी मशीन चालवणाऱ्या फानुक कंट्रोलचे उदाहरण घ्या. पॅरामीटर ००२० मध्ये चॅनेल ० किंवा १, ०१०३ मध्ये १० म्हणजे ४८०० बॉड (सेकंदाला इतके बिट) आणि ११ म्हणजे ९६००. लॅपटॉपकडे ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), २ स्टॉप बिट ठेवले की बहुतेक ठिकाणी प्रोग्राम चढतो. केबल घरीच करा: नऊ पिनांच्या बाजूची २ पंचवीस पिनांच्या बाजूच्या २ ला, ३ तिकडच्या ३ ला, ५ तिकडच्या ७ ला. मशीनच्या बाजूला ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र. लॅपटॉपच्या बाजूला ७-८ आणि १-४-६. अलार्म ०८६ आला तर ६-८-२० चा जंपर सुटलाय. ०८५ आला तर बॉड किंवा पॅरिटी जुळत नाही. ०८७ म्हणजे कंट्रोलने थांबायला सांगूनही लॅपटॉप ओततच राहिला, आणि हा अलार्म स्वस्त केबलींवर जास्त दिसतो. बाजारात तयार मिळणारी, सगळ्या पंचवीस पिना जोडलेली केबल इथे लावू नका. फानुकच्या पोर्टच्या २५ नंबर पिनेवर २४ व्होल्ट असतात.

आता चार पोर्ट लागतातच कुठे? साखर कारखान्याच्या किंवा खडी क्रशरच्या वजनकाट्यावर इंडिकेटर, बाहेरचा मोठा डिस्प्ले, गाडीचा कार्ड रीडर आणि पावतीचा प्रिंटर असा चौघांचा संसार असतो, आणि जुन्या बसवणुकीत चौघेही सिरीयल. तिथला कॉम्प्युटर बसला की लॅपटॉप आणि हा डबा ठेवून काटा चालू करता येतो. अट एकच, कॉम नंबर जुन्याच क्रमाने लावायचे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट सेटिंग्ज', मग 'ॲडव्हान्स्ड', तिथे नंबर बदला. यादीत नंबर 'इन यूज' दिसला आणि प्रत्यक्षात कुणी वापरत नसेल, तर 'शो हिडन डिव्हाइसेस' लावून फिकट दिसणारे जुने पोर्ट काढून टाका. जुनी काट्याची सॉफ्टवेअरे कॉम ९ च्या पुढे उघडतच नाहीत, काही तर चारच्या पुढेही नाहीत.

याच काट्यावर एक गमतीदार बिघाड होतो. इंडिकेटर वजन सतत पाठवत असतो. तो चालू असतानाच डबा लॅपटॉपला लावला, तर विंडोजला वाटते की जुना सिरीयल माऊस जोडलाय. मग कर्सर पडद्यावर सैरावैरा धावतो, आपोआप क्लिक होते, फाइली उघडतात. लोक व्हायरस शोधत बसतात. उपाय त्याच 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत आहे: 'सिरीयल एन्युमरेटर'ची खूण काढा. चारही पोर्टांना वेगवेगळी काढावी लागते, एकाची काढून भागत नाही. तोवर इंडिकेटरची केबल उपटून डबा आधी लावा, केबल नंतर.

पण चार पोर्टांचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते चोरून ऐकण्यात. पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि यंत्र एकमेकांशी काय बोलतात याचा कागद कुणाकडे नसतो, तेव्हा मधल्या केबलवर टी-जोड काढायचा: डब्याच्या पहिल्या पोर्टची पिन २ एका डेटा तारेवर, दुसऱ्या पोर्टची पिन २ दुसऱ्या डेटा तारेवर, दोन्हीची ५ कॉमन ग्राउंडला. पिन ३ कुठेच जोडायची नाही, नाहीतर आपणच मध्ये बोलू लागतो. रिसिव्हरचा भार ३ ते ७ किलोओम असतो आणि पाठवणाऱ्या बाजूचे ठीकठाक सर्किट असे दोन भार पेलते. दोन वेगळ्या केबलींनी हेच केले तर प्रश्न आधी की उत्तर आधी, हेच कळत नाही, कारण प्रत्येक केबल आपापल्या वेळी गठ्ठा पाठवते. एकाच चिपवरचे दोन पोर्ट आणि दोन्हींचा लेटन्सी टायमर (अर्धवट भरलेला गठ्ठा चिप किती वेळ दाबून ठेवते तो काळ) १ मिलिसेकंद ठेवला की क्रम बऱ्यापैकी भरवशाचा मिळतो. मायक्रोसेकंदांचा हिशेब हवा असेल तर लॉजिक ॲनालायझर घ्या, तिथे हा डबा नको.

हा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, आणि मॉडबसवाल्यांनी (मॉडबस म्हणजे मीटरांशी बोलण्याची एक ठरलेली भाषा) तो पहिल्याच दिवशी खाली आणावा. ९६०० बॉडला दोन फ्रेममधली साडेतीन अक्षरांची शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची असते. चिपने लहानसे उत्तर १६ मिलिसेकंद दाबून ठेवले, तर तीस एनर्जी मीटरांच्या एका फेरीत अर्ध्या सेकंदापर्यंत नुसती वाट पाहण्यात जाते, आणि टाइमआउट घट्ट असेल तर मीटर ठणठणीत असूनही 'नो रिस्पॉन्स' दिसतो.

मॉडबससाठी एक मर्यादाही सांगायला हवी. हा डबा आरएस-२३२चा (एकास एक जोडणीचा) आहे, ४८५चा (एकाच लाइनवर अनेक यंत्रे जोडण्याचा) नव्हे. जुना, स्वतःची वीज नसलेला २३२-४८५ कन्व्हर्टर लावून भागवू असे वाटत असेल तर सावध. तो आरटीएस आणि डीटीआर या पोर्टच्या नियंत्रण तारांतून वीज चोरतो. डेस्कटॉपच्या ±१२ व्होल्टांवर ते चालायचे, पण यूएसबीवरच्या चार्ज पंपाचे (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचे) ±५-६ व्होल्ट त्याला पुरत नाहीत. तो कधी चालतो, कधी नाही. फील्डमध्ये ४८५ करायचे असेल तर आयसोलेशनवाला (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) यूएसबी-४८५ वेगळा घ्यावा आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर लावावेत.

आयसोलेशन या डब्यात सहसा नसते, आणि आमच्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव. चारही पोर्टांचे ग्राउंड आत एकत्र आहे. एक पोर्ट मशीनला, दुसरा शंभर फुटांवरच्या पॅनेलला जोडला, तर दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या डब्यातून आणि लॅपटॉपच्या यूएसबीतून वाहतो. निदान चार्जर काढून बॅटरीवर काम करा. लॅपटॉप आणि डबा यांच्यामध्ये १२ मेगाबिटचा साधा यूएसबी आयसोलेटर लावला तरी चालते, चिप त्या वेगाला उतरते. चार पोर्ट ९६०० ला पूर्ण भरून वाहिले तरी एका दिशेला सेकंदाला चार हजार बाइटही होत नाहीत. मात्र त्याने लॅपटॉप वाचतो, दोन यंत्रांमधला ग्राउंडचा वळसा तोडला जात नाही.

विकत घेताना एक गोष्ट आवर्जून विचारा: आत ईईप्रॉम (सिरीयल नंबर साठवणारी छोटी मेमरी) आहे का. एफटी२३२आरमध्ये ती चिपच्या पोटातच असते, एफटी४२३२एचला बाहेरून लावावी लागते, आणि स्वस्त डब्यांत ती जागा रिकामी असते. ईईप्रॉम नसेल तर सिरीयल नंबर नाही, आणि मग विंडोज डब्याला यूएसबी सॉकेटवरून ओळखते. डावीकडून उजवीकडे लावला की चारही नंबर बदलले. परतीच्या मुदतीतच दोन सॉकेटांत लावून पाहा. प्रत्येक पोर्टची २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडून टेरा टर्म या टर्मिनल प्रोग्राममध्ये ११५२०० वर टाइपही करा. टाइप केलेले परत उमटले की पोर्ट जिवंत. कनेक्टरला षटकोनी नट आहेत हेही बघा. काही डब्यांना स्क्रू दिलेले असतात आणि केबललाही स्क्रूच असतात, मग ती कंपन पावणाऱ्या मशीनवर निसटते.

'एकच पोर्ट हवा, स्वस्तातली केबल घेऊ' म्हणणाऱ्यांनी जुन्या पीएल२३०३एचएक्सए चिपपासून लांब राहावे. नव्या ड्रायव्हरवर डिव्हाइस मॅनेजर पोर्टच्या नावाच्या जागी 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असेच छापतो आणि पोर्ट उघडत नाही. नकली एफटीडीआयचाही इतिहास आहे: २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता आणि ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. साधा स्विच कन्सोल करण्यापुरते सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपची केबल पुरेशी आहे, तिथे चार पोर्टांचा खर्च कशाला?

आणि ज्यांचे सॉफ्टवेअर अजून डॉसवर चालते, थेट ३एफ८ (जुन्या कॉम १ च्या) पत्त्यावर लिहिते, त्यांनी हा डबा घेऊ नये. यूएसबी पोर्टला तो पत्ताच नसतो. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) विंडोजचा कॉम पोर्ट जोडून काही प्रोग्राम चालतात, पण वेळेचे काटेकोर असलेले अडतात. त्यांच्यासाठी एक्सप्रेसकार्डचा खाचा असलेला जुना लॅपटॉप आणि त्यात खरी १६५५० जातीची यूएआरटी (सिरीयल पोर्ट चालवणारी चिप) असलेले कार्ड, हाच मार्ग उरतो. तिथेही कार्डाला जुना पत्ता मिळेलच असे नाही, म्हणून प्रोग्राममध्ये पत्ता बदलता येतो का ते आधी पाहून घ्या.