पणजीचा हॉल की फोंड्याची खोली: रिटायर झाल्यावर नाव कुठे घालायचं

रिटायर माणसांसाठी व्याख्यानं आणि वर्ग चालवणारी दोन केंद्रं, एक पणजीला आणि एक फोंड्याला, पत्रकं दोन्हीकडची आलीत. पणजीच्या सेंटरचं पीडीएफ, एकदम गुळगुळीत, वर समईचा फोटो. फोंड्याच्या केंद्राचं म्हणजे वहीच्या पानावर हाताने लिहून त्याचा मोबाईलवर फोटो काढलेला, आणि फोटोच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. जुलै ते सप्टेंबरचे कार्यक्रम. आमच्या ग्रुपवर यंदा रिटायर झालेले चार-पाच जण विचारतायत की नाव कुठे घालू, आणि मी दोन्हीकडे एकेक वर्ष काढलंय म्हणून बसलो लिहायला. नावं मुद्दाम घेत नाही, दोन्हीकडे माझी माणसं आहेत, उगाच बाजारात मासे घेताना कोणी गाठायला नको.

अंतर हा मुद्दा माझ्यापुरता तरी नव्हता. मी बाणास्तारीच्या जवळ राहतो, इकडे पणजी तिकडे फोंडा, बस त्याच रस्त्यावर मिळते, फक्त उभं राहायची बाजू बदलायची. फी दोन्हीकडे अशी की एका वेळच्या इसवणात (सुरमईत) वसूल होईल. तेव्हा ते सोडा.

खरा फरक वेगळा आहे. पणजीला तुम्ही श्रोते असता. फोंड्याला तुम्हालाच कधीतरी उठून काहीतरी शिकवावं लागतं, नाहीतर निदान खुर्च्या तरी लावाव्या लागतात. हा फरक काही आपल्याकडे निघालेला नाही म्हणा. 1973 मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला म्हाताऱ्यांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, ते विद्यापीठानेच चालवलेले, प्राध्यापक बोलणार आणि हे ऐकणार. मग 1982 च्या सुमारास केंब्रिजमध्ये ब्रिटिशांनी तीच कल्पना उचलली पण प्राध्यापकच काढून टाकला, म्हणजे ज्याला जे येतं त्याने ते बाकीच्यांना शिकवायचं, परीक्षा नाही, डिग्री कोणी विचारायची नाही. पणजीवाले फ्रेंच आणि फोंडेकर ब्रिटिश, असं मी गमतीने म्हणतो, दोघांनाही ते आवडत नाही.

आपण मराठी माणसं तशी व्याख्यानावर वाढलेली. पुण्यात रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला 1875 ला सुरू केली, तेव्हापासून खुर्चीत बसून ऐकायचं, शेवटी टाळ्या वाजवायच्या आणि बाहेर येऊन 'वक्ता बरा होता पण' असं म्हणत चहा प्यायचा ही सवय अंगात मुरलीय. त्यामुळे सुरुवातीला मीही पणजीलाच नाव घातलं, आणि खोटं कशाला बोला, पहिले दोन महिने खूप आवडलं. खाजन शेतीवरचं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीवरचं, एक व्याख्यान तर अजून आठवतं. मी जन्मभर कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला राहिलो, मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, रोज बघितली, पण भरती आली की पाण्याच्याच दाबाने तिची दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, कोणी माणूस लागत नाही, हे इतक्या सोप्या भाषेत मला कोणी सांगितलंच नव्हतं. वारसा कायद्याचंही तसंच. पोर्तुगीजांचा 1867 चा सिव्हिल कोड, त्यातला वारशाचा भाग आता 2012 च्या आपल्या गोव्याच्या कायद्यात आलाय आणि तो 2016 पासून लागू आहे, वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत निम्मे-निम्मे, आणि मुलं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीवच, मृत्युपत्रात कितीही रागाने लिहिलं तरी. हे सगळं मला पणजीतच कळलं, श्रेय द्यायलाच हवं.

पण.

आता माझी रडकथा, कारण निर्णय त्यावरच झाला. घरात आजोबांचं 1938 चं एक इश्क्रितूर, म्हणजे नोटरीकडचं खरेदीखतासारखं दस्त, आहे, पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेलं, शाई तपकिरी झालेली. बाबांनाही वाचता येत नव्हतं. शेजाऱ्याशी एका माडाच्या रांगेवरून जुनी कुरबुर आहे (भांडण नाही, कुरबुर, चवथीला एकमेकांकडे जातो) आणि मला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं की हद्द कुठे म्हटलीय. पणजीला 'जुनी कागदपत्रं आणि आपण' असं व्याख्यान लागलं तेव्हा मी फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, भर पावसात, पाच मिनिटं आधीच जाऊन पहिल्या रांगेत बसलो. दीपप्रज्वलन झालं, समई वाऱ्याने दोनदा विझली, मग प्रास्ताविक, मग वक्त्यांचा परिचय, मग ज्यांनी फराळ दिला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग त्यांचे दोन शब्द जे काही दोन नव्हते. व्याख्यान चांगलं झालं, 1595 पासूनचं पुराभिलेखागार आपल्याकडे आहे वगैरे ऐकून छाती फुगली. आणि मग निवेदिका बाई माईकवर म्हणाल्या, 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.'

ठीक आहे, एकदा होतं. दुसऱ्या वेळी प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा. वेळेअभावी. तिसऱ्या वेळी माईक खरोखर माझ्या हातात आला हो, मी फाईल उघडली, आणि मला सांगण्यात आलं की प्रश्न वैयक्तिक नको, सर्वसाधारण विचारा, आणि थोडक्यात. आजोबांचा कागद सर्वसाधारण कसा करायचा ते मला सुचेना, मी उगाच काहीतरी विचारलं, वक्ते म्हणाले नंतर भेटा, आणि नंतर ते गाडीत. आभारप्रदर्शनाला मात्र दहा मिनिटं मिळाली, त्यात डेकोरेटरचंही नाव आलं.

मला माहितीय, हे हसण्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाला हे टोचणारही नाही. पण 'वेळेअभावी' हा शब्द ऐकला की आता माझी दाढ दुखते. रिटायर माणसाकडे दुसरं काय आहे हो वेळेशिवाय?

फोंड्याला गेलो ते एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहाने. दुकानाच्या वरची खोली, पंखा कुरकुरतो, पंधरा-सोळा माणसं. तिथे 'कागद वाचन' म्हणून एक वर्ग चालतो, शिकवणारे मास्तर वयाची चौऱ्यांशी ओलांडलेले, मुक्तीच्या आधी लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलेले आणि मग आयुष्यभर नोटरीच्या ऑफिसात कारकुनी केलेले. मी दारात उभा, नाव-गाव काही विचारलं नाही, पहिलाच प्रश्न, 'कागद हाडलाय?' म्हणजे आणलाय का. मी फाईल दिली. चष्मा कपाळावर सरकवून, कागद अगदी नाकाला लावून वाचायला लागले. आता इथे माझी फजिती सांगतो. आमच्या घरात पिढीजात समज की त्या कागदात 'पोएंत' नावाचा एक शेजारी आहे, ख्रिश्चन असावा, नंतर आफ्रिकेला गेला असावा, बाबा तर त्याच्या माडांच्या गोष्टी सांगायचे. मास्तर म्हणाले, अहो पोएंत म्हणजे पश्चिम. सूर्य बुडतो ती बाजू. आणि हा 'नासेंत' म्हणजे पूर्व, तोही कोणी तुमचा शेजारी नव्हे. सगळी खोली हसली, मी पण हसलो, आणि तीन पिढ्यांचा आमचा शेजारी दोन मिनिटांत मावळला.

त्या एका कागदावर आम्ही दोन बुधवार काढले. कोणाला घाई नाही. मात्रीज म्हणजे घरपट्टी-जमीनपट्टीच्या नोंदीचा नंबर, देस्क्रिसांव म्हणजे रजिस्ट्रारकडचं जमिनीचं वर्णन, आणि यातलं काहीच आजच्या सर्व्हे नंबरशी आपोआप जुळत नाही, एक-चौदाचा (जमिनीच्या आजच्या नोंदीचा) उतारा बाजूला ठेवून चारी बाजूंची नावं ताडून बघायची, हे सगळं मी तिथे हाताने केलं. व्याख्यानात ऐकलं असतं तर घरी पोचेपर्यंत विसरलो असतो. अर्थात मास्तर वकील नव्हेत आणि ते स्वतःच दर वेळी तसं बजावतात, इन्व्हेंतार (वारसांतल्या वाटणीची कारवाई) घालायचं असेल, कोर्टात जायचं असेल तर वकिलाकडेच जा. पण वकिलाकडे जाताना आपल्याला पूर्व-पश्चिम तरी कळावी.

फोंड्याच्या खोडी पण सांगायला हव्यात, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. वेळापत्रक म्हणजे नुसती सदिच्छा. कोणाच्या तरी कुळाराची (माहेरची) जत्रा निघते, कोणाचं बारावं, वर्ग रद्द, आणि मेसेज येतो तो तुम्ही बसमध्ये बसल्यावर. टॉयलेट खाली, जिना उभा, गुडघे दुखणाऱ्यांनी दोनदा विचार करा. मास्तरांना डाव्या कानाने ऐकू येत नाही तेव्हा उजवीकडे बसायची चढाओढ. आणि एक रिटायर्ड साहेब आहेत ज्यांना प्रत्येक विषयातलं मास्तरांपेक्षा जास्त येतं, असा एक सगळीकडेच असतो म्हणा, पण पंधरा माणसांच्या खोलीत तो जास्त जाणवतो. पणजीला तोच माणूस दोनशे खुर्च्यांत विरघळून जातो.

आमच्या हिचं मत तर साफ उलट आहे. ती पणजीचीच. तिला एसी हॉल हवा, स्वच्छ बाथरूम हवी, पत्रकात लिहिलंय त्याच दिवशी कार्यक्रम व्हायला हवा आणि कोणी तिला उठून बोलायला लावू नये. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, म्हणते, आता मला कोणीतरी शिकवू दे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांनी जन्मभर बोलण्याचं काम केलं त्यांना ऐकणं हीच विश्रांती असेल, आणि माझ्यासारखा वीज खात्यात तक्रारी ऐकून निवृत्त झालेला माणूस बोलायला आसुसलेला असेल, असं काहीतरी असावं.

आता या तीन महिन्यांचं. पणजीला सहा शनिवार: हृदयविकार, समुद्राची पातळी आणि किनारा, वारसा कायदा (तोच, पण वक्ते नवीन), सायबर फसवणूक, सिनेमा कसा बघावा, आणि मळ्यातून फोंतेंय्नची, म्हणजे पणजीच्या जुन्या वस्तीची, एक फेरी, ती पाऊस उघडला तर. सिनेमाचं सत्र चुकवू नका. 2004 पासून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आपल्याकडे आहे आणि आपण अजून पास काढून मधूनच उठून येतो, तेव्हा नोव्हेंबरच्या आधी हे ऐकलेलं बरं. हृदयविकाराचं सोडलं तरी चालेल, ते आपल्याला आपले डॉक्टर फुकट ऐकवतात.

सायबरचा विषय दोन्हीकडे आहे, तिथे तुलना सोपी. पणजीला स्लाईडवर 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नसतंच, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, पैसे गेले तर लगेच 1930 ला फोन करा, असं सगळं व्यवस्थित सांगतात. फोंड्याला प्रत्येकाचा फोन बाहेर काढायला लावतात, रोजची यूपीआयची मर्यादा तिथेच कमी करून घेतात आणि 1930 नंबर सेव्ह होईपर्यंत चहा देत नाहीत. माहिती तीच. पण माझ्या फोनमध्ये तो नंबर आहे तो चहामुळे.

फोंड्याला बाकी काय, तर जुलैत रानभाज्यांची फेरी, टायकिळा कोवळा असेपर्यंत, कुर्डू, तेरं, कुठलं खाजरं आणि कसं शिजवायचं ते दोन बायका दाखवणार. अळमीचा (रानातल्या अळंबीचा) विषय निघतो पण जागा कोणी सांगत नाही, तिथे ब्रिटिश मॉडेल संपतं. ऑगस्टमध्ये चवथीच्या आधी घुमटाचे, म्हणजे आरतीला वाजवतात त्या मातीच्या वाद्याचे, चार वर्ग. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हटलं, पण घोरपडीचं कातडं वापरता येत नाही म्हणून आता बकऱ्याचं चढवतात, आणि पावसाळी हवेत ते सैल पडतं, मग ते शेकून तापवायचं कसं हे तिथे एकजण शिकवणार. मी गेल्या वर्षी गेलो होतो. ताल काही धड जमला नाही, पण आरतीला घरच्या पोरांनी मला समेळाच्या (साथीच्या ढोलाच्या) बाजूला बसू दिलं, आधी टाळ पण हातात देत नव्हते.

कागद वाचन तिन्ही महिने, बुधवारी दुपारी साडेतीनला. म्हणजे चार. वेळ अशी आहे की दुपारची झोप मोडते, हे मला अजून खुपतं, पण मास्तरांना संध्याकाळी दिसत नाही त्याला इलाज नाही.

ज्यांना ठरवताच येत नाहीये त्यांनी पणजीला पहिले दोन शनिवार जाऊन बघा, तिथे एक-दोनदा नाव न घालताही बसू देतात. तुम्ही नुकतेच रिटायर झाला असाल, अजून ऑफिसची शिस्त अंगात असेल तर तेच बरं वाटेल बहुतेक. पण घरात ट्रंकेच्या तळाशी एखादा न वाचलेला कागद असेल, किंवा तुम्हाला असं काही येत असेल जे घरात कोणी विचारत नाही, तर माझं ऐका आणि फोंड्याच्या बाजूला उभे राहा. मला यंदा तिथे मीटर आणि घरातलं वायरिंग यावर दोन वर्ग घ्यायला सांगितलेत. अर्थिंगपासून सुरुवात करावी म्हणतो, पावसात तेच जास्त नडतं.

आणि मास्तरांकडे जाताना झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी ठेवा. माझ्या 1938 वर आता चहाचा एक गोल डाग आहे, नेमका पोएंतच्या बाजूला.