रंध्याचा पार्ट तुटलाय: दुकान, उद्यमबाग की भंगार?

लग्नसराईच्या तोंडावर मशीन बंद पडतं. आपण तुटका पार्ट पिशवीत टाकतो आणि बेळगाव गाठतो. आधी दुकान, तिथं नाही मिळालं तर लेथवाला, तिथंही जमलं नाही तर भंगार. खानापूर रस्त्याला माझं छोटं शेड आहे: बारा इंची रंधा, एक बँडसॉ, एक गोल करवत, तिन्ही जुनी. याच क्रमानं हिंडण्यात मी बरेच दिवस घालवलेत. आता पार्ट हातात आला की आधी एवढंच बघतो, ही वस्तू नंबरावर मिळणारी आहे की फक्त याच मशीनची आहे. पहिली असेल तर दुकान, दुसरी असेल तर उद्यमबाग, म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत. भंगाराचं नंतर सांगतो.

नंबरावरच्या वस्तू म्हणजे बेअरिंग, बेल्ट, चेन, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). यांच्यासाठी लेथवाल्याचा दरवाजा वाजवू नका, कोल्हापूरलाही धावू नका, बेळगावातच मिळतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. ६२०५ असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. भुसा उडणाऱ्या जागी दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या. उघडं बेअरिंग स्वस्त पडतं, पण लाकडाची बारीक पूड ग्रीसमध्ये मिसळली की त्याची खळ होते. बेल्टचंही तसंच: ए सेक्शन १३ मिमी रुंद, बी सेक्शन १७, पुढचा आकडा इंचातली लांबी. पुलीवर दोन बेल्ट असतील तर एकच तुटला तरी जोडी बदला. जुना ताणलेला असतो, त्यामुळे सगळा भार नव्यावर येतो.

एक अडचण मात्र येते. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या मशीनचा शाफ्ट एक इंची, म्हणजे २५.४ मिमी असतो. ६२०५ त्यावर चढत नाही. तिथं दोन वाटा आहेत: इंची बेअरिंग शोधत बसायचं, किंवा शाफ्टची बैठक लेथवर २५ ला उतरवून हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, बुश (आतली नळी) घालून घ्यायचा. मी दुसरी वाट धरली. पुढच्या वेळी बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळेल.

आता बोल्ट. दिसायला सगळ्यात क्षुल्लक वस्तू, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. आपण सुतात मागतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, दुकानदार काउंटरवर ठेवतो तो आठ एमएम. डोळ्याला फरक दिसत नाही. पण जुन्या व्हिटवर्थ (इंग्लिश मापाच्या आट्यांच्या) बोल्टला अडीच सुतात इंचाला १८ आटे, तर आठ एमएमला १.२५ चा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर तेवढे मिमी, म्हणजे इंचाला वीसच्या वर. दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथं पाना लावून जोर केला की बिडाच्या भोकातले आटेच खाऊन टाकतो, आणि चार रुपयांच्या बोल्टपायी टेबलाला नवीन भोक पाडायची पाळी येते. चार सुतीतही असंच फसायला होतं. व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, यूएनसी या अमेरिकन मापाला १३. नट थोडा चढतो, म्हणून वाटतं बरोबर आहे. ढोबळ अंदाज सांगतो, जुनी देशी आणि इंग्लिश मशीनं व्हिटवर्थवर, अमेरिकन यूएनसीवर, अलीकडची चिनी-तैवानी एमएमवर. पण अंदाजावर जाऊ नका. आटे मोजायचा पिच गेज स्वस्तात येतो, तो घ्या. गोल करवतीचा ब्लेडचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, तेही दुकानात आधीच सांगा.

पाती आणि पाती धरणारे बोल्ट या दोन गोष्टींत दुकान की लेथ हा प्रश्नच काढू नका. कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला रंध्याचा रूळ, मिनिटाला चार-पाच हजार फेरे फिरतो आणि आपली बोटं तिथून वीतभर लांब असतात. तिथं ‘करून देतो की ओ’ म्हणणाऱ्या लेथवाल्याचा साध्या सळईतला बोल्ट नको. मूळ बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचा, ८.८ असो वा १०.९, तेवढाच किंवा वरचा घ्या, लांबीही तेवढीच. पाती एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) आणि मूळ जाडीची. धार लावून आणल्यावर दोन्ही पाती एकमेकांविरुद्ध तोलून बघायची. मी सोनाराच्या काट्यावर तोलतो. तो हसतो, पण काही ग्रॅमचा फरकही मशीन थरथरवतो आणि बेअरिंग लवकर खातो.

बाहेरून मागवायचं तर कुठून? मशीनच्या पाटीवर कंपनी आणि मॉडेल वाचता येत असेल आणि कंपनी चालू असेल, तर पहिला फोन तिलाच. पण आपल्याकडची बरीचशी मशीनं पंजाब-गुजरातेतली आहेत, पार्ट ट्रान्सपोर्टनं येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर चांगलं आहे, माणसं जाणकार आहेत. पण जायचे शंभरावर किलोमीटर, तेवढेच यायचे, आणि सीमेवर काही पेटलं की दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद. डिसेंबर २०२२ मध्ये तसं झालंच होतं. हुबळीही जवळपास तेवढीच लांब. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला कोल्हापूर सोयीचं, खानापूरकराला नाही. ऑनलाइन मी पाती आणि बेल्ट मागवतो, बेअरिंग मागवत नाही. नामांकित कंपन्यांच्या डब्यात नकली माल भरून विकणारे आहेत, आणि फोटोवरून ते ओळखता येत नाही. अधिकृत डीलरकडून बिलानं घ्यावं.

भंगारात जाण्यात अर्थ आहे तो एकाच वेळी: तुमच्याच मॉडेलचं अख्खं मशीन कुणी मोडीत काढत असेल तर. मग पार्ट मागू नका, मशीनच उचला. सुट्ट्या पार्टासाठी ढिगाऱ्यात हात घालणं ही हौस झाली. मलाही ती आहे, पण तिला काम म्हणत नाही.

राहिलं उद्यमबाग. हे दार आपल्या हाताशी आहे, आणि बाकी ठिकाणच्या सुताराला याचा हेवा वाटावा. खानापूरकडून येताना मच्छे ओलांडलं की पुढं उद्यमबाग, फाउंड्री आणि लेथ एकमेकांना खेटून. शाफ्ट, बुश, हँडव्हीलचा स्क्रू, पुली ही कामं लेथवर होतात. शाफ्टला ईएन ८ या जातीचं पोलाद सांगा, नुसतं ‘चांगलं लोखंड’ म्हणू नका. गिअर करायचा असेल तर दाते मोजून न्या आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरनं घ्या. व्यासाला ‘दाते अधिक दोन’नं भागा. ३० दाते आणि ८० मिमी असेल तर ८० भागिले ३२, अडीच मॉड्यूल, हे दात्याचं मिमीतलं माप. तेवढ्याच दात्यांना ८१.२८ आला तर तो १० डीपीचा (डीपी म्हणजे दात्याचं इंची माप) गिअर, आणि अडीच मॉड्यूलचा गिअर त्याच्या जोडीला नीट चालत नाही. मी पहिल्यांदा नुसता पार्ट घेऊन गेलो तेव्हा टर्नर म्हणाला, “ओ मिस्त्री, माप आणा की. झिजलेलं बघून मी झिजलेलंच करणार.”

बिडाचा कंस किंवा बेअरिंगचं हाउसिंग तुटलं तर वेल्डिंग की नवं ओतकाम? निकेल रॉडनं, भाग आधी तापवून आणि नंतर राखेत हळूहळू निववून केलेलं वेल्डिंग टिकतं. घाईत साध्या रॉडनं केलेलं शेजारीच तडकतं. गार्ड, पाय, मोटरचा पाट याला वेल्डिंग पुरे. बेअरिंग बसतं तिथं मी नवंच ओतून घेतो.

पहिल्या ओतकामात मी फसलो, आणि चूक माझी होती. टेबल उचलणारा कंस तुटला होता. दोन तुकडे चिकटवून तोच पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, म्हणून दिला. बीड निवताना मीटरला साधारण दहा मिमी आक्रसतं. ३०० मिमीचा कंस तीन मिमी आखूड आला, वर मशीनिंगला अंगच उरलं नाही. एकही भोक जुळलं नाही.

मग लक्षात आलं की पॅटर्न लाकडाचा असतो आणि लाकूड तर आपलंच. आता सागवानात मीच करतो. सगळी मापं शेकडा एकनं वाढवायची, जिथं लेथ किंवा मिलिंग लागणार तिथं तीनेक मिमी जादा, आणि उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार, म्हणजे पॅटर्न वाळूतून साचा न मोडता निघतो. कोपरे गोल, नाहीतर तिथंच भेग जाते. एका नगासाठी फाउंड्रीवाला नाक मुरडतो हे खरं. पण तयार पॅटर्न दिला आणि त्याच्या पुढच्या हीटला, म्हणजे बीड वितळवायच्या पुढच्या खेपेला, ओतायची तयारी दाखवली, तर छोटे फाउंड्रीवाले घेतात. वेळ त्याच्या सवडीचा, म्हणून पंधरवड्याचा हिशेब धरून चाला.

काम झालं की पॅटर्न परत मागून घ्या, फाउंड्रीत तो कुठल्या तरी कोपऱ्यात वाळवी लागून पडतो. माझ्या शेडच्या वाशाला असे चार टांगलेत. गेल्या पावसाळ्यात नंदगडकडचा एक मिस्त्री असाच तुटका कंस घेऊन आला. त्याचं मशीन माझ्याच कंपनीचं निघालं, वाशावरचा एक काढून त्याच्या हातात दिला.