मधुमेहाचं पाच वनस्पतींचं चूर्ण: गुडमार अस्सल, लेबल मोघम

जांभळाच्या बिया, कारलं, मेथी, विजयसार आणि गुडमार, म्हणजे आपला बेडकीचा पाला. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं हे चूर्ण कडूजहर आहे आणि डबा उघडला की स्वयंपाकघरभर मेथीचा वास. गुडमार मात्र अस्सल! चिमूटभर जिभेवर घोळवून साखर खाल्ली तर रेती चघळल्यासारखी लागते. मेथीतल्या तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते, ते ग्लुकोमीटरवर थोडंफार दिसलं. उपाशीपोटीचा आकडा ढिम्म. माझा राग लेबलवर आहे. कुठली वनस्पती किती, याचा पत्ताच नाही. मी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेते, त्यावर असलं काही घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. म्हणून डबा आधी डॉक्टरांना दाखवला. ‘गोळ्या सुटतील’ हे दुकानदाराचं बोलणं सोडून द्या. पाचपैकी अडीच तारे.